वाचक विचारतात : सासूबाईंचे गुडघे, दोन पोरं आणि नदीतले रांजण

प्रश्न : ताई, आम्ही पिंपरीला राहतो. एखाद्या रविवारी निघोजचे रांजणखळगे, म्हणजे कुकडी नदीच्या खडकाळ पात्रातले रांजणासारखे खोल खळगे, बघायला जायचं घाटतंय, माणसं आठ, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलं सहा नि अकरा वर्षांची. ह्यांचं म्हणणं, दगडातली भोकं बघायला एवढं लांब कशाला, त्यापेक्षा रिसॉर्टला जाऊ. नणंद म्हणते जुलैत जा, नदी भरलेली मस्त दिसते. काय करू?

उत्तर : जा, पण जुलैत नको. नणंदबाईंचा उत्साह कळतो, पण कुकडी भरून वाहायला लागली की खळगेच पाण्याखाली जातात, मग बघायचं काय, गढूळ पाणी आणि त्यात वाहत आलेली झुडपं. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. वरच्या अंगाला येडगावचं धरण आहे, त्यामुळे निघायच्या आधी तिकडच्या कोणाला तरी फोन करून नदीला पाणी सोडलंय का ते विचारून घ्या, पावसाळा नसला म्हणून पात्र कोरडंच असेल असं नसतं.

पुण्यापासून साधारण नव्वद किलोमीटर धरा, म्हणजे तुम्हाला पिंपरीहून अजून थोडं. नगर रोडने शिरूर आणि तिथून निघोजकडे. अंतराचं काही नाही हो, वाघोली ते शिक्रापूर हे खरं संकट, तिथे रविवारी नऊच्या सुमारास अडकलात तर पोरं "आलं का, आलं का" करून डोकं खातील, म्हणून घरातून साडेसहाला गाडी हललीच पाहिजे. रांजणगावचा महागणपती वाटेतच आहे, सासूबाईंचं दर्शन होतं आणि सगळ्यांचा चहाही होतो. शिरूर सोडल्यावर कोणाला रस्ता विचारायचा झाला तर "रांजणखळगे" म्हणू नका, "कुंडावर जायचंय" म्हणा, लगेच हात दाखवतात. तिथे काठाला मळगंगा देवीचं देऊळ आहे ना, त्या भागाला सगळे कुंडच म्हणतात. सासूबाई देवळापाशी बसल्या तरी त्यांना पात्र दिसतं, खाली उतरायची काही गरज नाही. फक्त चैत्रात देवीची यात्रा असते तेव्हा नुसतं फिरायला म्हणून जाऊ नका, फार गर्दी. गावातल्या बारवेतून देवीची घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे, त्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात.

आता तुमच्या ह्यांची भोकं. त्यांना तिथे गेल्यावर अगदी छोट्या खळग्यापाशी उकिडवं बसवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही मोठमोठे खळगे बघत फोटो काढत सुटले होते, आणि भाचा एका जागी बसून हलेना. बघते तर आमटीच्या वाटीएवढा खळगा, आत चार बोटं पाणी, आणि तळाशी सुपारीएवढे तीन गोटे, एकदम गुळगुळीत. तो म्हणाला मावशी, हे बाळ आहे, मोठं होतंय. बरोबरच होतं की त्याचं! तो मोठा खळगा, ज्यात माणूस उभा बुडेल, तोही कधीतरी असा वाटीएवढाच होता.

त्याच दिवशी माझी डावी चप्पल मोठ्या खळग्यात गेली. काठ शेवाळलेला होता, घरातली गुळगुळीत तळव्याची स्लीपर घालून गेले होते, सगळी चूक माझीच. चप्पल दोन मिनिटं तरंगली, आमच्या हाताला काही लागली नाही, मग मी एका पायाने गाडीपर्यंत. म्हणून सांगते, बूट घाला, सहा वर्षांच्याचा हात सोडू नका आणि पोहायला कोणीच उतरायचं नाही, ज्याला पोहता येतं त्यानेही नाही. खळग्यांच्या भिंती घासून गुळगुळीत झालेल्या असतात, आत गेलेल्याला धरायला काही सापडत नाही, आणि काही खळगे आतून एकमेकांत फुटलेले असतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं की निघोजला उल्का पडल्यामुळे खड्डे झाले. मुलाला प्रोजेक्टमध्ये तेच लिहायचंय. खरं आहे का?

उत्तर : नाही. उल्केचं ते बुलढाण्याचं लोणार, तिकडे एकच विवर आहे आणि त्याचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. फॉरवर्ड करणाऱ्याने दोन्हीची खिचडी केली.

निघोजचं काम नदीने केलंय. दगड आपला नेहमीचा काळा पाषाण, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यात भेगा पडल्या, कुठे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुराच्या पाण्यात भोवरा झाला की वाळू नि गोटे त्या खळगीत अडकून गोल गोल फिरतात, जात्यात दाणे फिरावेत तसे, फक्त इथे दाणेच जात्याला झिजवतात. गोटे झिजून संपले की पुढच्या पुरात नवे येतात. वरच्या तोंडापेक्षा पोट मोठं होत जातं, म्हणून रांजण. (मुलाला आधी रांजण म्हणजे काय ते दाखवा, आमच्याकडे त्यावरच अर्धा तास गेला.) प्रोजेक्टमध्ये हेही येऊ दे की असे खळगे फक्त निघोजला नाहीत, इंद्रायणीवर तळेगावजवळच्या कुंडमळ्यालाही आहेत. तिथला जुना लोखंडी पूल जून २०२५ मध्ये पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि माणसं गेली, तेव्हा पावसाळ्यात मुलाला तिकडे फोटो काढायला नेऊ नका, चित्र काढू दे.

प्रश्न : ताई, आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. मुलीने खळग्यातला एक गोल गोटा खिशात घालून आणला, आता तो फिश टँकमध्ये आहे. यात काही गैर आहे का?

उत्तर : एका गोट्याने नदीचं काम थांबणार नाही, पण प्रत्येक पोराने एकेक नेला तर खळग्यात फिरायला राहील काय? तिला ओरडू मात्र नका, शंभरात एखादंच पोर वाकून तळाशी बघतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिलाच परत टाकायला लावा, आणि तोच खळगा सापडतो का बघा, मला तर माझ्या चपलेवालाही परत सापडला नाही.