हिमालयन 411 देऊन 450 घेतली तर खेड्यात राहणाऱ्याला खरेच फरक जाणवतो का?

आपण विचारले आहे की काही वर्षे रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 ही मोटारसायकल चालवल्यावर आता तिची नवी आवृत्ती 450 घ्यावी का आणि चालवताना फरक कळतो का. शेवटी एक ओळ जोडली आहे : "घरचे म्हणतात, खेड्यात एवढ्या गाडीचे काम काय?" फरकाविषयी सांगणारे पुष्कळ भेटतील. ही शेवटची ओळ मात्र माझ्या घरात गेली सहा वर्षे बोलली जात आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी मेळघाटातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. घर अचलपूर तालुक्यात, परतवाड्यापासून बारा किलोमीटरवर. शाळा सेमाडोहच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. सोमवारी पहाटे वर जायचे, आठवडा शाळेच्या गावी काढायचा, शनिवारी सकाळची शाळा आटोपून खाली यायचे आणि रविवारी संत्र्याचा बगीचा पाहायचा, असा माझा क्रम आहे. 2019 साली 411 घेतली आणि तिच्यावर शेहेचाळीस हजार किलोमीटर झाले. जून 2025 मध्ये 450 घेतली. आता ऑक्टोबर संपत आला आहे आणि नव्या गाडीवर साडेतीन हजार किलोमीटर झाले आहेत, त्यात संपूर्ण पावसाळा आला.

फरक जाणवतो, आणि तो पहिल्याच दिवशी जाणवतो. अमरावतीहून गाडी घेऊन वलगाव, आसेगाव असा परतवाड्याकडे निघालो तेव्हा पहिली सर्व्हिस व्हायची असल्यामुळे इंजिनावर जोर द्यायचा नव्हता, तरीही पूर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आले की मी ज्या वेगाला 411 वर वेगात चाललो असे समजत होतो, तो वेग या गाडीला सहज आहे. कागदावरचे आकडे आपण वाचलेच असतील : तेथे साधारण चोवीस अश्वशक्ती आणि पाच गिअर, येथे चाळीसच्या जवळपास आणि सहा गिअर. पण सरळ डांबरी रस्त्यावरचा हा फरक मला दुय्यम वाटतो आणि त्याच एका कारणासाठी कोणी गाडी बदलणार असेल तर त्याने पैसे राखून ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा शाळा उघडल्यावर झाली. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे पहिला सोमवार आणि पहिला चांगला पाऊस बहुधा एकत्रच येतात. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात आठवड्याचा शिधा आणि मुलांच्या वह्या, असा भार घेऊन मी घटांगच्या घाटाला लागलो. सहा वर्षांच्या सवयीने वळणावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली. 411 अशा वळणातून सावकाश पण न कुरकुरता वर येत असे, कारण तिचा 32 न्यूटन मीटरचा जोर इंजिनाच्या मिनिटाला सव्वाचार हजार फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. 450 चा जोर 40 न्यूटन मीटर आहे, पण तो साडेपाच हजारांवर. त्यामुळे वळणाच्या मध्यावर इंजिन दबले, चेन खडखडली, गाडी जवळजवळ थांबली, आणि मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने ब्रेक लावून मला वाट दिली नसती तर भरल्या गाडीसह मी तेथेच आडवा झालो असतो. चूक माझीच होती. नवी गाडी जुन्या गाडीच्या सवयीने चालवायची नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून आपल्याला सांगतो : घाटात एक गिअर खाली ठेवा आणि इंजिनाला फिरू द्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझा डावा पाय शिकला, आणि तेव्हापासून तो घाट चढताना जो आनंद होतो तो 411 वर मला कधी झाला नव्हता.

घाटापलीकडे डांबराच्या कडा तुटलेल्या, मध्ये पाण्याने उघडी पडलेली गिट्टी आणि जागोजाग रपटे, म्हणजे पावसात वरून पाणी वाहणारे ठेंगणे पूल, असा रस्ता आहे. 450 चे मूल्य मला तेथे कळले. मागच्या चाकाची खड्ड्यात वर-खाली होण्याची चाल 411 ला 180 मिलिमीटर होती, ती येथे 200 आहे; पुढे 43 मिलिमीटरचे उलटे शॉकअप आहेत. आकड्यांपेक्षा शरीराची साक्ष मोठी : पूर्वी सोमवारी दुपारी चौथीच्या वर्गावर उभा राहताना माझी कंबर धरलेली असे, आता धरत नाही. भार असताना मागचा शॉकअप कडक करून घ्यायला मात्र विसरू नये.

उतरताना ब्रेकचा फरक पडतो. पुढची डिस्क 300 ऐवजी 320 मिलिमीटरची आहे, पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे मागच्या चाकाचे एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येते. माझ्या 2019 च्या 411 ला एबीएस होते, बंद करण्याची सोय नव्हती. सुट्या गिट्टीच्या उतारावर मागचे चाक धरले की एबीएस सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, आणि गाडी थांबायला हवी तेथे थांबत नाही. आता असा उतार लागला की मी मागचे एबीएस बंद करतो आणि डांबर लागताच पुन्हा चालू करतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी कोलकासच्या अलीकडे वळणावर रानगवा उभा होता. पुढचे एबीएस चालू होते, म्हणून ओल्या डांबरावर गाडी सरळ रेषेत थांबली आणि तो निघून जाईपर्यंत मी इंजिन बंद करून उभा राहिलो.

डॅशबोर्डवरच्या नकाशाचे लोकांना फार कौतुक आहे. तो फोनवर चालतो, आणि सेमाडोहच्या पुढे माझा फोनच मुका होतो. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आता खेड्याच्या प्रश्नाकडे येतो.

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी वीस वर्षे राजदूत चालवली. तिच्यावर दुधाचे कॅन नेले, खताची पोती आणली, आणि माझ्या आईला बाळंतपणासाठी परतवाड्याच्या दवाखान्यातही तिच्यावरच नेले होते. 411 आणली त्या दिवशी ते म्हणाले होते, "एवढ्या पैशात बैलजोडी आली असती बाबू, अन् तिनं वावर तरी वाह्यलं असतं." 450 आणली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, आणि मला ते जास्त लागले.

माझे म्हणणे सहा वर्षांपासून एकच आहे आणि ते मी येथेही ठामपणे मांडतो. शहरातला माणूस वर्षाचे अकरा महिने सिमेंटच्या रस्त्यावरून कार्यालयात जातो आणि एकदा लडाखला जाऊन येतो, त्याला कोणी विचारत नाही की एवढ्या गाडीचे काम काय. ज्याच्या रोजच्या वाटेवर तुटलेला घाट, वाहता रपटा, मुरूम आणि पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, आहे, त्याला मात्र तीच गाडी शोभत नाही. जमिनीपासून उंच बसवलेले इंजिन, पुढे 21 इंची चाक, लांब चालीचे शॉकअप, 17 लिटरची टाकी या सर्व गोष्टी खराब रस्त्यासाठीच केलेल्या आहेत, आणि खराब रस्ता आमच्या दारात आहे. चैन कोणाची आणि गरज कोणाची, हे गावाच्या नावावरून ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

परंतु जुलैमधल्या एका रविवारी जे घडले ते लपवून हे उत्तर पूर्ण होणार नाही. मृग बहार कसा फुटला आहे हे पाहायला मोठेबाबांना बगीच्यात जायचे होते. पायवाट दीड किलोमीटरची, पांदणीने. 411 वर ते माझ्या खांद्याला धरून स्वतः बसत असत. नव्या गाडीवर पहिल्यांदा बसताना त्यांचा गुडघा वर येईना, म्हणून मी गाडी ओट्याला लावली आणि ते ओट्यावरून बसले. चार दिवस उघाड होती, पांदण वरून वाळलेली दिसत होती, आणि गाडीने आम्हाला इतक्या सुखाने नेले की वाटेत दोनदा ते माझ्या कानाशी म्हणाले, "गचके नाही लागून राहिले." सहा वर्षांच्या वादात त्यांनी माझ्या बाजूने उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

बगीच्यात त्यांनी झाडे पाहिली, फूट मोजकी असली तरी समाधानकारक आहे असे म्हणाले, आणि आम्ही परत निघालो. तेथे ओटा नव्हता. त्यांनी एकदा पाय उचलला, दुसऱ्यांदा उचलला, मी गाडी झुकवून धरली, तिसऱ्यांदा त्यांचा तोल गेला आणि त्यांना सावरताना माझ्या हातून गाडी सुटली. 196 किलोची गाडी मऊ मातीत आडवी झाली. शेजारच्या वावरात निंदण करणारे दोघे धावत आले आणि चौघांच्या हातांनी ती उभी राहिली. मोठेबाबांनीही हात लावला होता. गाडीला काही झाले नाही. ते मात्र काठी घेऊन धुऱ्याने चालू लागले. मी मागून पहिल्या गिअरमध्ये दीड किलोमीटर आलो. घरी येऊन पाणी प्यायल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ज्या गाडीवर घरचा म्हातारा चढू शकत नाही, थे गाडी घरची कशी?"

याला मी काय उत्तर देणार? बैलजोडीच्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर होते, कारण मी हिशेब मांडू शकत होतो. हा मुद्दा खरा आहे. 411 च्या सीटची उंची 800 मिलिमीटर होती, 450 ची 825 आहे आणि ती 845 पर्यंत वाढते. चालवणाऱ्यासाठी कमी उंचीचे सीट वेगळे घेता येते, पण मागे बसणाऱ्या वृद्ध माणसाचा प्रश्न त्याने सुटत नाही. बगीच्यातल्या विहिरीजवळ मी दोन चिरे एकावर एक रचून ठेवले आहेत. मोठेबाबांनी ते पाहिले आहेत. अजून त्यावर चढलेले नाहीत.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा आहे. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर पाच मिनिटे गाडी फिरवून काही ठरवू नका. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सोबत न्या आणि उभ्या गाडीवर त्यांना कोणाच्याही मदतीशिवाय चढून दाखवायला सांगा. चढता आले तर घरच्यांना माझा वरचा युक्तिवाद ऐकवा, तो पुरेसा आहे. चढता आले नाही तर पैसे देण्यापूर्वीच त्यावर बोलून घ्या, म्हणजे माझ्यासारखे वावरात बोलावे लागणार नाही.

काही गोष्टी राहिल्या. काळ्या मातीच्या पांदणीत वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल पुरेशी ओसरल्याशिवाय, कोणतीही मोटारसायकल घालू नये. ही गाडी अ‍ॅडव्हेंचर म्हणून विकली जाते म्हणून ती चिखलातून निघेल असे समजू नका. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग पकड उरत नाही. येथे रेडिएटर आहे, जो 411 ला नव्हता. त्याच्या जाळीत माती वाळू देऊ नये, आणि धुताना जोराचा फवारा मारू नये, कारण पातळ पाती वाकतात. उन्हाळ्यात पंख्याची गरम हवा पायांना किती लागते हे मी सांगू शकत नाही, कारण मी या गाडीवर आपला पंचेचाळीस अंशांचा मे महिना अजून काढलेला नाही. माझे टायर ट्यूबचे आहेत आणि पांदणीतल्या बाभळीच्या काट्याने चार महिन्यांत दोनदा पंक्चर झाले. ट्यूबलेस चाकांचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्या. सरासरी मला लिटरला अठ्ठावीसच्या आसपास मिळते, 411 वरही साधारण तेवढीच मिळत होती.

आणि खर्चाचे : मी गाडी घेतली तेव्हा कराचा हिशेब वेगळा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर 40 टक्के जीएसटी आहे. आपली 411 चांगली चालत असेल, रोजचा रस्ता डांबरी असेल आणि मागे भार नसेल, तर तीच ठेवा. माझी 411 शाळेच्या गावातील एका तरुणाने घेतली आहे, तो तिच्यावर दर आठवड्याला धारणीच्या बाजाराला जातो, आणि ती आजही घाटात तिसऱ्या गिअरवर वर येते.