ओहोटीत प्रवाळ ओळखताना

सुरुवात स्यूडोसिडरास्ट्रिया तयामीपासून कर. कोकणातल्या कातळाच्या डबक्यांत, गढूळ पाण्यातही हे प्रवाळ तगतं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाची ओहोटी धर नि पाणी पुरतं उतरायच्या तासभर आधी पोहोच. खूण अशी: राखाडी-गुलाबी पृष्ठावर 3 ते 6 मिलिमीटरची बहुकोनी घरं, मधल्या भिंती पांढऱ्या. झोअँथिडची (प्रवाळाच्या मऊ नातेवाइकाची) चटईही लांबून अशीच भासते, पण तिला दगडी सांगाडा नसतो. बोट लावून खात्री करायची नाही. डबक्यात तर उतरूच नकोस. गाळ उठून पॉलिपवर, म्हणजे घरातल्या इवल्या जीवावर, बसतो नि तो झटकण्यात त्याची ताकद जाते. पट्टी शेजारी धरून फोटो काढ, पुरे. अख्खी वसाहत पांढरी दिसली तर त्याच्या ऊतींत राहून रंग नि अन्न देणारं सहजीवी शैवाल गेलंय, प्रवाळ मेलंच असं नाही. भिंगातून पारदर्शक ऊती शोध; दिसल्या तर ते जिवंत आहे. तुटका तुकडाही खिशात घालू नकोस, वन्यजीव कायद्याची अनुसूची 1, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाची यादी, लागते.