मराठी वाचनालयाची वेबसाइट अंध वाचकांनाही वापरता यावी, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: नुकतंच एचटीएमएल आणि सीएसएस शिकलोय. आमच्या तालुक्याच्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाची मराठी वेबसाइट करायला घेतली आहे. वेळा, सूचना, पुस्तकांची यादी आणि पुस्तक राखून ठेवायचा अर्ज, एवढंच काम आहे. सभासदांमध्ये काही अंध आणि बरेच वयस्कर वाचक आहेत. रिॲक्ट शिकावं लागेल का? आणि ते कोपऱ्यातलं ॲक्सेसिबिलिटीचं विजेट बसवलं की काम झालं का?

उत्तर:

विजेट नको आणि रिॲक्टही नको.

विजेट काय करतं? अक्षरं मोठी करतं, रंग उलटे करतं. या सोयी लोकांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून असतात. अंध वाचक तर स्वतःचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, घेऊनच तुमच्या पानावर येतो. त्याला हवा असतो खालचा कोड नीट, आणि तो वरून एक स्क्रिप्ट डकवून नीट होत नाही. ॲक्सेसिबी नावाची कंपनी आपलं विजेट कुठलीही साइट ॲक्सेसिबिलिटीच्या निकषांत बसवतं असं सांगत होती. त्या दाव्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५च्या सुरुवातीला तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

रिॲक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वाईट नाही, पण तुमच्या कामाला ती जड आहे. त्यात एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं तरी ब्राउझरच्या लेखी पान तेच राहतं. डोळस माणसाला नवीन मजकूर दिसतो, स्क्रीन रीडर मात्र गप्प बसतो. मग शीर्षक बदला, फोकस (कीबोर्ड सध्या पानावर जिथे आहे ती जागा) हलवा, बदल बोलून दाखवा, हे सगळं तुम्हाला हातानं करत बसावं लागतं. साध्या दुव्यानं साधं पान उघडलं तर यातलं काहीच करावं लागत नाही.

माझा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. ब्राउझरला पुष्कळ काही आयतं येतं, आपण ते मोडलं नाही तरी निम्मं काम होतं.

बटणाचंच बघा. 'बटन' हा टॅग वापरलात तर टॅब दाबून त्यावर पोहोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्हींनी ते दाबता येतं, स्क्रीन रीडर 'राखून ठेवा, बटण' असं म्हणतो आणि बोलून फोन चालवणाऱ्यालाही ते सापडतं. त्याच जागी 'डिव' घेऊन त्याला रंग, गोल कोपरे आणि क्लिकचा कोड दिलात तर माउसवाल्याला फरक कळणार नाही. बाकीच्यांसाठी मात्र तिथे बटणच नाही. ते परत मिळवायला टॅबइंडेक्स आणि रोल ही अॅट्रिब्यूट, शिवाय दोन कळांसाठी वेगळा कोड लिहावा लागतो, आणि एवढं करून जे मिळतं ते त्या एका टॅगमध्ये होतंच. 'दिसायला हवं तसं करता येत नाही म्हणून डिव घेतला' हे कारण आता चालत नाही; सीएसएसनं बटण हवं तसं सजवता येतं. मात्र दुसऱ्या पानावर नेणारा असेल तो दुवा, याच पानावर काही घडवणारं असेल ते बटण, एवढा फरक पाळा.

शीर्षकांचंही तसंच. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर आहे. तो वापरणारा माणूस पान वरून खाली ऐकत बसत नाही. तो 'एच' कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, 'के' दाबून दुव्यांवर, 'बी' दाबून बटणांवर जातो. तुम्ही 'नवीन पुस्तकं' हे शब्द नुसते ठळक आणि मोठे करून ठेवलेत तर त्याच्या हिशेबी पानावर तो विभागच नाही. म्हणून पानाचं नाव एच-वन, विभाग एच-टू, आणि अक्षर किती मोठं दिसावं ते सीएसएसकडे. मेनूला 'नॅव्ह', मुख्य मजकुराला 'मेन'. पुस्तकयादीला खरंखुरं टेबल करा, स्तंभांच्या डोक्यावर 'टीएच' द्या, म्हणजे तिसऱ्या ओळीतला आकडा ऐकताना तो किंमत आहे की दाखल क्रमांक हे कळतं. सूचना उघडझाप करायच्या असतील तर 'डिटेल्स' आणि 'समरी' आहेत. वर तरंगणारी खिडकी हवी तर 'डायलॉग' टॅग आहे, तो २०२२पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. जावास्क्रिप्टमधलं शोमोडल वापरून उघडलात तर एस्केपनं बंद होणं, मागचं पान तेवढ्यापुरतं निकामी होणं, सगळं त्याच्यात येतं.

यामुळे आरियाची, म्हणजे स्क्रीन रीडरला जास्तीची माहिती पुरवणाऱ्या अॅट्रिब्यूटांची, तुम्हाला फारशी गरज पडणार नाही. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय की चुकीच्या आरियापेक्षा आरिया नसलेला बरा.

आता मराठीचा भाग. इंग्रजीतले धडे इथे अपुरे पडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर लँग अॅट्रिब्यूट 'एमआर' असं द्या. तयार साचे घेतले की तिथे 'ईएन' असतं आणि ते तसंच राहून जातं. मग स्क्रीन रीडर तुमचा मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो, आणि पुढे निघतो तो नुसता खडखडाट, किंवा काहीच नाही. भाषा बरोबर सांगितली आणि यंत्रात मराठी आवाज असला तर आवाज आपोआप बदलतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. कानाला यांत्रिक लागतो, पण रोजच्या वापराला चालतो. पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद आला तर त्याला वेगळं 'ईएन' लावा. याच अॅट्रिब्यूटचा एक फायदा डोळसांनाही होतो: ज्या फॉन्टात सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे दिसतात.

लेटर-स्पेसिंगला हात लावू नका. इंग्रजी साच्यांत शीर्षकांची अक्षरं ऐसपैस करायची फॅशन आहे. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी नसतातच, ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून वाकडी करतो. ओळींमधलं अंतर दीडपट तरी असू द्या, मला १.७च्या आसपास बरं वाटतं. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतात. दुव्याची अधोरेषा उकाराला कापते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट देऊन थोडी खाली सरकवा. काढून मात्र टाकू नका, नुसत्या रंगावरून दुवा सगळ्यांना ओळखू येत नाही. फॉन्टसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. मूळ आकार रेम एककात आणि इंग्रजीपेक्षा थोडा मोठा ठेवा.

वाचनालयात पुस्तकयादी बहुधा जुन्या फॉन्टात टाइप केलेली सापडेल. युनिकोडच्या आधीच्या त्या फायलींत देवनागरी फक्त दिसते, खाली साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट लावून वेबवर चढवली तरी स्क्रीन रीडर ती चिन्हंच वाचणार, आणि शोधही लागणार नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग रफार, वेलांट्या, जोडाक्षरं माणसानं तपासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण याला पळवाट नाही. शोधाबद्दल एक बारकावा: 'दऱ्या' सारखा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, पण यंत्राला वेगळा. शोधण्याआधी दोन्हींचं एक रूप करून घ्या.

अर्जात प्रत्येक चौकटीला 'लेबल' हवं. चौकटीतला फिकट मजकूर म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो, आणि वयस्कर माणसाला इथे काय लिहायचं होतं हे आठवत बसावं लागतं. मोबाइल क्रमांकाला इनपुटमोड आकड्यांचा द्या आणि कुणी '९८' असं देवनागरीत लिहिलं तर ते नाकारू नका, सर्व्हरवर बदलून घ्या. मराठी अर्जात मराठी आकडे चुकीचे ठरवणाऱ्या साइटी मला भारी गमतीच्या वाटतात. चूक झाली तर चौकट नुसती लाल करून भागत नाही. 'सभासद क्रमांक लिहायचा राहिला' असं त्या चौकटीजवळ शब्दांत लिहा. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा अजिबात नको.

रंगांचं गणित सोपं आहे. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या निकषांच्या दुसऱ्या पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५ला १ इतकी तफावत लागते. सहाही जागी सात असलेला करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ भरतो, म्हणजे थोडक्यात नापास. ७६७६७६ पास होतो. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख साइटींची मुख्य पानं यंत्रानं तपासते. २०२५मध्ये ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि त्यांत सगळ्यात जास्त पानांवर आढळलेली चूक हीच होती, फिकट अक्षरं.

मांडणीसाठी ग्रिड आणि फ्लेक्स बिनधास्त वापरा, फक्त 'ऑर्डर' देऊन गोष्टींची जागा अदलाबदल करू नका. डोळ्यांना क्रम बदललेला दिसतो, टॅब मात्र कोडमधल्या जुन्याच क्रमानं फिरतो. फोकसची चौकट कुरूप दिसते म्हणून कुणी काढायला सांगितली तर ती ठळक आणि सुंदर करून द्या, काढू नका. साच्यातल्या व्ह्यूपोर्टच्या ओळीत फोनवर झूम बंद करणारा भाग असेल तर तेवढा मात्र खोडा.

मुखपृष्ठांची चित्रं टाकाल तेव्हा शेजारी पुस्तकाचं नाव लिहिलेलंच असेल, तर अल्ट रिकामा ठेवा, नाहीतर प्रत्येक नाव दोनदा ऐकू येतं. पण सूचनेचा फोटो हा वेगळा प्रकार आहे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवायची समितीची सवय असेल, तर फोटो राहू द्या आणि त्याखाली तीच सूचना टाइप करा. समिती कुरकुरली तर २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखवा. ३० एप्रिल २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

तपासायला क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस हे साधन चालवा, पण शंभर गुण पडले म्हणून पेढे वाटू नका. अल्ट आहे की नाही हे यंत्राला कळतं, त्यात लिहिलेलं खरं आहे का हे कळत नाही. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डनं एक पुस्तक राखून ठेवून बघा. मग ब्राउझर ४०० टक्के मोठा करा, आडवं सरकवायची वेळ येऊ नये. मग एनव्हीडीए लावून आणि स्क्रीन बंद करून तेच काम करा. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे, तोही लावून बघा, कारण तुमचे बरेच वाचक फोनवरूनच येणार.

हे झालं की तुमच्या अंध सभासदांपैकी कुणाला तरी बोलवा. आपण सराव नसताना स्क्रीन रीडर चालवतो आणि रोज चालवणारा माणूस चालवतो, यात फार अंतर आहे. त्यांना एखाद्या लेखकाचं पुस्तक शोधून राखून ठेवायला सांगा आणि गप्प बसा. 'आता खाली जा, तिथे बटण आहे' असं बोलायचा मोह होतो, तो आवरा. ते जिथे अडतील ती जागा लिहून घ्या. त्यांचा वेळ घेताय, तर त्याचं मानधन समितीकडून आधीच मंजूर करून ठेवा.