सगळ्यांना आपापलं माहीत होतं

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी एका छोट्या हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात एक सिझेरियन होतं, आधीची दोन सिझेरियन झालेली आणि वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली, तोंडाजवळ. सरांना वाटलं ब्लड आणून ठेवलंय, भूलवाल्या मॅडमना वाटलं सरांनी नातेवाईकांना पाठवलंय, आणि मला माहीत होतं की पिशव्या क्रॉसमॅच होऊन, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळवून, ब्लड बँकेतच आहेत, पण मला वाटलं या दोघांना ते माहीत असणारच. ब्लीडिंग सुरू झालं तेव्हा कळलं. पेशंट वाचली, पण तो पाऊण तास माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. आमची टीम चांगली आहे हो, भांडणं नाहीत, चेकलिस्टचा फॉर्मही रोज भरतो. मग असं झालं कसं?

उत्तर : सिस्टर, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. तिघांनाही आपापलं काम येत होतं, आळस कुणीच केला नाही, फक्त दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे प्रत्येकाने मनातच ठरवून टाकलं. आणि खरं सांगू का, चांगल्या टीममध्ये हे जास्त होतं. नवीन माणूस विचारतो, नऊ वर्षं बरोबर काम केलेला माणूस धरून चालतो.

विमानवाल्यांना हे फार मोठी किंमत देऊन कळलं. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट, धावपट्टीवर धुकं, दोन जम्बो विमानं. केएलएम कंपनीच्या को-पायलटने 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ' असं रेडिओवर सांगितलं, टॉवरला वाटलं जागेवर तयार उभे आहेत, प्रत्यक्षात ते निघाले होते आणि पॅन अ‍ॅम कंपनीचं दुसरं विमान अजून धावपट्टीवरच होतं. केएलएमच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलंही की ते विमान बाजूला झालं नाही का, कॅप्टनने ठामपणे झालं म्हणून सांगितलं आणि विषय संपला. ५८३ माणसं गेली. मला त्या इंजिनिअरची आठवण फार येते, कारण त्याच्याकडे बरोबर शंका होती आणि ती टिकवून धरायची सोय त्या खोलीत नव्हती. त्यानंतर टेकऑफ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना, घेताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असा नियम झाला, आणि ज्युनियरने बोलायचं कसं, सिनियरने ऐकायचं कसं याचं ट्रेनिंग आलं.

आता तुमच्या फॉर्मबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची ती सुरक्षित ऑपरेशनची चेकलिस्ट २००८ ची, १९ मुद्दे, तीन थांबे : भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी, पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी. आठ शहरांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीही होतं, आणि २००९ साली आकडे आले, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. पण पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत ती लागू झाली तेव्हा मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसलाच नाही, २०१४ चा अभ्यास आहे. त्याच्या कारणांवर बरेच वाद झाले, माझं मत असं की कागद भरला गेला म्हणजे बोलणं झालं असं होत नाही. तुमचा फॉर्म कधी भरला जातो? केस संपल्यावर, ट्रॉलीवर ठेवून, एकाच हातानं? मग तो रेकॉर्डसाठी ठीक आहे, टीमसाठी त्याचा काही उपयोग नाही.

चिरा घेण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि प्रत्येकाने तोंडाने बोलायचं. सरांनी सांगायचं की वार खाली आहे, रक्त जाऊ शकतं. मॅडमनी सांगायचं की अमुक इतक्या पिशव्या लागतील. तुम्ही सांगायचं की पिशव्या ब्लड बँकेत आहेत, इथे नाहीत, आणायला माणूस पाठवू का. एवढंच. एक मिनिटही लागत नाही, आणि तुमच्या त्या केसमध्ये हे एकच वाक्य पुरलं असतं. आणि जे ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं, 'दोन पिशव्या, मामा (वॉर्डबॉय) निघालेत'. नुसतं 'हो' म्हटलं की ते नक्की कशाला हो आहे ते समजत नाही.

मामांनाही त्या वेळी आत उभं करा. माझ्या एका केसला सगळे डावा हर्निया म्हणत होते, पेशंटला वॉर्डातून आणणारे मामा दाराशी अवघडून उभे होते, मी सहज विचारलं तेव्हा म्हणाले, मॅडम, हा माणूस रस्ताभर उजवीकडे हात धरून होता. फाईल उघडली, उजवाच होता. आम्ही पाच जण शिकलेले आत होतो. तेव्हापासून नावं आणि कामं सांगताना मी मामांना कधी वगळलं नाही, एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलेला माणूस पुढे बोलायला कमी घाबरतो.

प्रश्न : मी सर्जन आहे. हे पटतं, पण ऐन टाके घालताना कुणी मध्येच बोललं की लक्ष तुटतं, आणि मग मी ओरडतो. काय करू?

उत्तर : तुमचं लक्ष तुटणं खरं आहे, डॉक्टर, त्यात चूक काही नाही. नाजूक भाग सुरू करताना स्वतःच सांगा, 'आता दहा मिनिटं शांतता हवी', सगळे पाळतील. पण त्या शांततेतही चालेल असा एक शब्द आधीच ठरवून ठेवा, साधा 'थांबा' चालेल, तो कुणीही म्हटला की तुमचा हात थांबणार. आणि पहिल्यांदा कुणी उगाच थांबवलं, शंका खोटी निघाली, तर त्या दिवशी ओरडू नका. पुढचा 'थांबा' येणार की नाही हे तिथेच ठरतं.