क्यूबातून १९६७ साली आलेल्या आजेसासूबाईंचं आयुष्य मुलांसाठी कसं नोंदवून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की आजेसासूबाई १९६७मध्ये वारादेरोहून विमानाने मायामीला आल्या, गेल्या वर्षी वारल्या, मागे कागदांचा एक डबा आहे आणि त्यांची धाकटी बहीण हयात आहे. मग आधी बहीण, डबा नंतर. डबा पुढच्या वर्षीही तसाच असेल.

बहिणीशी स्पॅनिशमध्येच बोला, नवऱ्याचं स्पॅनिश मोडकंतोडकं असलं तरी. परक्या भाषेत म्हातारी माणसं गोष्ट आटोपती घेतात. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर ठेवा. टीव्ही, पंखा, एसी बंद. मायामीत एसी बंद ही शिक्षाच, म्हणून बैठक तासाभराचीच ठेवा. जमल्यास डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, फाइल करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मूळ समजून ठेवू नका.

‘तेव्हा क्यूबा कसा होता?’ असं विचारलंत, तर हजारदा सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी प्रवासाला धरून विचारा. १ डिसेंबर १९६५पासून एप्रिल १९७३पर्यंत वारादेरो ते मायामी जी विमानं चालली, त्यांना फ्रीडम फ्लाइट्स म्हणतात. त्यात अमेरिकेतल्या नातेवाइकाने नाव दिलेल्यांना आधी जागा मिळे. म्हणून पहिला प्रश्न: तुम्हाला ‘रेक्लामार’ कोणी केलं, म्हणजे नाव देऊन कोणी बोलावून घेतलं? मग अर्जापासून विमानापर्यंत किती महिने गेले, मधल्या काळात नोकरीचं काय झालं, घरातल्या सामानाची यादी करायला कोण आलं, निघताना अंगावरचं काय काढून घेतलं. लष्करी सेवेच्या वयाच्या मुलांना बाहेर पडू देत नसत. तेव्हा कोण मागे राहिलं हेही विचारा, पण पहिल्याच बैठकीत नको.

आता कागद. सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपण बाईच्या नावात नवरा आणि सासर घालतो. क्यूबात बाई लग्नानंतर नाव बदलत नाही, आणि प्रत्येकाला दोन आडनावं असतात: आधी वडिलांचं, मग आईचं. समजा नाव ‘कारिदाद पेरेस गोमेस’ आणि नवरा दिआस. अमेरिकी कारकून ‘गोमेस’ला आडनाव आणि ‘पेरेस’ला मधलं नाव समजतो, पुढे नागरिकत्वाच्या वेळी त्याच बाई ‘कारिदाद दिआस’ होतात. तिन्ही आडनावांखाली शोधा. घरातलं नाव वेगळंच असतं. कारिदादला काचिता म्हणतात, पत्रांवर तेच सापडेल.

अमेरिकेत त्यांची इमिग्रेशनची फाइल असते, तिला ‘ए-फाइल’ म्हणतात. यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याकडे, माहिती अधिकाराखाली, म्हणजे तिकडच्या एफओआयए कायद्याखाली, ऑनलाइन अर्ज करा आणि मृत्यूचा दाखला जोडा. ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक ग्रीन कार्डावर असतो. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर त्याखेरीज प्रमाणपत्राचा स्वतःचाही क्रमांक असतो. घाईत तोच उतरवला जातो आणि शोध फसतो. फाइलमध्ये फोटो, जन्मदाखल्याचं भाषांतर, पत्ते असं बरंच निघतं.

ग्रीन कार्डावरच्या तारखेवर मात्र विसंबू नका. १९६६च्या क्यूबन अ‍ॅडजस्टमेंट कायद्याने कायम वास्तव्याची तारीख अर्जाच्या ३० महिने मागे नेली जाई, फक्त आगमनाच्या आधी जात नसे. मार्च १९६७ला आलेल्या बाईने जानेवारी १९७०मध्ये अर्ज केला, तर कार्डावर जुलै १९६७ दिसेल. अशा तारखेलाच घरातली पोरं ‘आजी आली तो दिवस’ म्हणून वाढदिवसासारखं साजरं करत बसतात!

जन्मगाव शोधताना जुना नकाशा घ्या. १९७६पर्यंत क्यूबात सहाच प्रांत होते. दाखल्यावर ‘लास विल्यास’ असेल, तर तो प्रांत आज नाही. त्यातून व्हिया क्लारा, सिएनफुएगोस आणि सांक्ती स्पिरितुस झाले. क्यूबातून दाखल्याची नवी प्रत मागवताना नोंदणी कार्यालय आणि ‘तोमो’ व ‘फोलिओ’, म्हणजे नोंदवहीचा खंड आणि पान, जुन्या कागदावरून जसेच्या तसे उतरवा. जन्मनोंदीत बहुधा दोन्हीकडचे आजी-आजोबा असतात, म्हणजे एका कागदात आणखी एक पिढी हाती लागते.

पत्रं पाकिटासकट स्कॅन करा. तारीख पत्रात नसली तर शिक्क्यात असते. फोटोंची मागची बाजूही घ्या, ६०० डीपीआयला. तिकडे अजून राहणाऱ्या नातेवाइकांची नावं इंटरनेटवर टाकू नका.

आणि स्वयंपाकघर. आबुएलाचे, म्हणजे आजीचे, फ्रिहोलेस नेग्रोस, म्हणजे काळा घेवडा, सासूबाईंना करायला सांगा आणि तुम्ही वजनकाटा घेऊन बसा. जिऱ्याची बाटली आधी आणि नंतर तोला, म्हणजे ‘उन पोकितो’ (थोडंसं) किती ग्रॅम ते कळेल. प्रमाणापेक्षा क्रम नीट लिहा: कांदा, ढोबळी मिरची, लसूण परतून केलेलं सोफ्रितो कधी पडलं, व्हिनेगर कधी. व्हिनेगर आधी पडलं तर दाणा कितीही शिजवा, टणकच राहतो.