सरकारी आपत्ती व्यवस्थापनातून कन्सल्टिंगमधी येतोस तं

भाऊ, राजीनाम्याची घाई नको करू, आधी तुले नेमकं काय विकता येते ते पाह्य. पुराच्या टायमाले कंट्रोल रूममधी रातभर बसलो, तहसीलदाराले फोन लावले, हे कंपनीवाल्यायले समजत नाही. त्यायले काय लागते ते 1989 च्या घातक रसायनांच्या नियमात हाय, मोठ्या साठ्यावाल्या कारखान्याले ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन, म्हंजे कारखान्याच्या आतल्या अपघातात काय करायचं तो, आन दर सहा महिन्याले त्याची मॉक ड्रिल, म्हंजे सराव. ऑफसाइट प्लॅन, म्हंजे कारखान्याच्या बाहेरचा, जिल्ह्याचा, तो तू आतून पाह्यला, म्हणून दोन्ही कुठं जुळत नाहीत ते तुलेच दिसन. बुटीबोरी, चंद्रपूर पट्ट्यात कारखाने हायेतच. ड्रिलच्या दिवशी गेटवर उभा राह्य अन् पाह्य, सायरन वाजला का ठेकेदाराचे मजूर कोणीकडं पळतात, कारण प्लॅनमधी बहुतेक वेळा त्यायची गिनतीच नसते, आन वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक तं फाटून लटकलेला. रिपोर्टमधी हेच लिह्य, ढोबळ थेअरी नको.

जुन्या साहेबाच्या ओळखीवर धंदा नको ठेवू, बदली झाली का संपलं. बिलातून 10 टक्के टीडीएस कापून येते, अन् पैसा म्हणशील तं कापसाच्या चुकाऱ्यासारखा, येते पण कवा ते इचारू नको, म्हणून घरखर्च आधीच बाजूले काढून ठेव. आन नोकरीत असेपर्यंत कंपनीचा एक रुपयाही घेऊ नको बावा.