वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी आणि ती प्रश्नचिन्हं

तुम्ही लिहिलंय की ज्या साइटवर पुस्तकांच्या नोंदी ठेवत होतात ती बंद होतेय, डाउनलोड केलेल्या फाइलीत इंग्रजी नीट दिसतंय आणि मराठीचं वाटोळं झालंय, आणि आता परत लिहायला बसावं की नाद सोडावा. सेम टू सेम माझ्याबाबत झालेलं आहे, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घ्या.

आधी वाटोळं म्हणजे नक्की काय झालंय ते बघा. चित्रविचित्र रोमन अक्षरं असतील, डोक्यावर तिरपी रेघ असलेला ए आणि मधेमधे चलनाचं चिन्ह असला कचरा, तर तुमचं मराठी शाबूत आहे, एक्सेलने फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरं साठवायच्या चुकीच्या पद्धतीत) उघडलीय एवढंच. डबल क्लिक करून उघडायची नाही आणि उघडली असेल तर सेव्ह तर अजिबात करायची नाही. मूळ फाइलीची कॉपी बाजूला ठेवा, मग एक्सेलच्या डेटा मेनूतून ती इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ (यादीत ६५००१ असा आकडा दिसेल) निवडा. पण साध्या नोटपॅडमध्ये उघडूनही नुसती प्रश्नचिन्हंच दिसली तर फाइल बनतानाच अक्षरं गेलेली आहेत, त्यातून मराठी परत येत नाही. मग साइट चालू आहे तोवर एकेक पान उघडून कॉपी करायचं, कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. (मी काही कम्प्युटरवाली नाही, अनुभवावरून सांगतेय, जाणकारांनी दुरुस्त करावं.)

माझी प्रश्नचिन्हं होती. आणि खरा संताप त्याचा नाही, त्यांच्या मदत विभागाचा आहे. नाव घेत नाही. मी त्यांना स्क्रीनशॉटसकट लिहिलं की फाइल नोटपॅडमध्येही अशीच दिसतेय, तर उत्तर काय, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. बघितली, परत लिहिलं, तर ब्राउझरची कॅशे साफ करा. अरे फाइल माझ्या मशीनवर आलीय, कॅशेचा काय संबंध! दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि मग आमच्याकडून प्रश्न सुटला आहे असं समजून तक्रार बंद. कुणी एकाने जरी सरळ सांगितलं असतं की आमच्या एक्स्पोर्टमध्ये देवनागरी जात नाही, तर मी त्याच दिवशी हाताने उतरवायला बसले असते. ते न सांगता मला झुलवत ठेवलं आणि तेवढ्यात मुदत संपली. इंग्रजी अक्षरांतली पुस्तकांची नावं, तारखा, तारे सगळं आलं. तारे घेऊन काय करू? 'स्मृतिचित्रे'ला पाच तारे दिले होते हे मला फाइलीने सांगायची गरज आहे का?

असो. परत लिहावं का, तर माझं मत हो, पण सगळं नाही. जी पुस्तकं परत वाचावीशी वाटतील तेवढ्यांचीच नोंद करा, बाकीची गेली तर जाऊ द्या. आणि कथानक लिहू नका, ते कुठेही मिळतं. आपण कुठे अडलो, कुठे चिडलो, कुठलं पान वाचताना दुसरंच पुस्तक आठवलं, ते लिहायचं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण परवा गोडसे भटजींचं प्रवासवर्णन 'माझा प्रवास' आणि लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' लागोपाठ परत वाचली. भटजी कोकणातल्या वरसईहून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले, झाशी पडली तेव्हा ते तिथेच होते. सगळीकडे कापाकापी चाललीय आणि हा माणूस दक्षिणा किती मिळाली, लुटारूंनी किती नेली याचा हिशोब सांगतोय. पहिल्यांदा वाचताना मला ते हावरट वाटलं होतं. आता नाही वाटत, घरी कर्ज ठेवून निघालेला माणूस आहे तो, त्याने दुसरं काय मोजायचं? आणि एवढं लुबाडलं जाऊनही गंगेची कावड घेऊन तो घरी येतो.

त्यावर लगेच 'स्मृतिचित्रे' उघडलं तर सुरुवातीलाच बाईंच्या आजोबांना त्याच बंडापायी झालेली फाशी आणि त्या धक्क्याने वडिलांना लागलेलं सोवळ्याचं वेड, इतकं की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठसुद्धा. आधी मी तो भाग नुसता गंमत म्हणून वाचला होता, कारण बाई सांगतातच अशा की हसू येतं. या वेळी हसू आलंच, पण धुतलेल्या मिठामागे ती फाशी दिसायला लागली. एकाने बंड प्रत्यक्ष पाहिलं आणि जवळपास आहे तशा स्वभावाने घरी आला, दुसऱ्याच्या फक्त घरावरून ते गेलं आणि तो जन्मभर पाणी ओतत बसला. ही नोंद मला जुन्या साइटवर सुचलीच नसती बहुतेक, तिथे प्रत्येक पुस्तकाचा वेगळा खण, आणि खाली हजार अक्षरांची मर्यादा.

म्हणून आता साधी वही, एकच, तारखेप्रमाणे. पुस्तकांप्रमाणे कप्पे करत नाही. हे सगळ्यांना पटेल असं नाही, माझ्या नवऱ्याला अजिबात पटत नाही, त्याची स्प्रेडशीट आहे. पण डिजिटल ठेवणार असाल तर साधी टेक्स्ट फाइल ठेवा, यूटीएफ-८ मध्ये, आणि दुसरीकडे एक कॉपी. कुठल्याही नव्या साइटवर दोनच मराठी नोंदी घालून आधी एक्स्पोर्ट करून बघा, मग पुढचं.

तुम्ही खाली विचारलंय की 'माझा प्रवास'ची कुठली प्रत घ्यावी. प्रस्तावना उघडून बघा. १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी छापलं तेव्हा त्यांनी मजकुरात बरीच ढवळाढवळ केली होती, मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची. नुसती गोष्ट वाचायची असेल तर कुठलीही चालेल, पण भटजी कसे बोलत असतील ते ऐकायचं असेल तर पोतदारांची. भाषा सुरुवातीला जड जाते, नंतर नाही जात.